मास्तरचा हिस्सा

मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. एकाने दोन कोपरे धरायचे, समोरच्याने दोन, मधे ताण द्यायचा, मग चालत जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा भेटवायचा. लाँड्री काढणाऱ्या म्हाताऱ्याने यावरून घराला एक नियम घालून दिला होता : भांडायचं असेल तर चादर हातात घेऊन भांडा. रागाने ओढली की कोपरे जुळत नाहीत, घडी पुन्हा घालावी लागते, आणि पुन्हा घालायची म्हटलं की राग निम्म्यावर येतो, असा त्याचा हिशेब. म्हातारा जाऊन बराच काळ लोटला, तरी घरातला एकही मोठा निर्णय अजून रिकाम्या हातांनी झाला नव्हता. त्याच्या तीन मुलांपैकी मधलीचं लग्न याच घडीच्या खोलीत ठरलं, ते मोडून ती परत आली तेव्हा तिला कुठल्या खोल्या द्यायच्या हेही इथेच ठरलं. गेल्या महिन्यातल्या तमाशात धाकट्याने हातातली चादर जमिनीवर टाकून दिली होती. आईबहिणीवरून शिवी दिली असती तरी या घरात एवढा गहजब झाला नसता.

त्या सुट्टीच्या दुपारी मशीनं बंद होती, बॉयलर निवत होता आणि हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग टेबलावर छातीएवढा आला होता. सकाळी गाडी यायच्या आत तो संपवायलाच हवा होता, म्हणून सगळे आयतेच जमले होते. थोरल्याला मात्र ढीग संपूच नये असं वाटत होतं. परवा संध्याकाळी फोन ठेवून त्याची मुलगी "बाबा, एक घोळ झालाय" म्हणाली, तेव्हापासून तो हे बोलणं लांबवत होता.

मुलीला सगळे मास्तर म्हणत. हे नाव म्हाताऱ्याने ठेवलेलं. ती जेमतेम बोलायला लागली होती तेव्हा कपडे घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना ओळीत उभं करून दटावायची, म्हणून. नाव पडलं गमतीने, पण पोरीने ते मनावर घेतलं. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पुरं केलं आणि आता तिला खरोखरीच मास्तर व्हायचं होतं. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला तिला जागा मिळाली होती.

"मला एकदा नीट सांग," मधली म्हणाली. ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसून एका फाटक्या उशीच्या अभ्र्याला रफू करत होती. लाँड्रीतलं रफूकाम तिचं. थोरल्याच्या पाठची आणि धाकट्याच्या आधीची, त्यामुळे दोघांनाही बोलायचा हक्क तिने जन्मतःच घेतलेला. "शिक्षक व्हायला फी पडते?"

"पडते, आत्या. बरीच."

"आणि वर्षभर शाळेत जाऊन शिकवायचं. पगार?"

"नाही. ते सराव पाठ असतात. आम्ही शिकतो त्यात."

"शिकवता का शिकता?"

"दोन्ही."

"मग फी अर्धी घ्यायला हवी," मधली म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

मास्तरला हसू आलं नाही. ती आईच्या समोर उभी राहून चादर ताणत होती आणि बोलणं सगळ्यांना उद्देशून होतं. "फी बाबांच्या आवाक्यातली नाही हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. पण विज्ञान शिकवणारे मिळत नाहीत म्हणून आमच्यासाठी सरकारी मदत आहे. सगळी फी माफ, वर दर महिन्याला विद्यावेतन. गेल्या वर्षी माझ्याबरोबर निवडलेला एक इतिहासवाला आहे, त्याला यातलं काही नाही. तो रात्रपाळीला पार्सलं वाहतो आणि सकाळी वर्गात डुलक्या घेतो. मला मिळालं होतं सगळं. मंजुरी आली होती. पण अट अशी आहे की ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याला ही मदत नाही."

"तुझा कुठला आलाय धंदा?" धाकट्याची बायको म्हणाली.

"हा," मास्तर म्हणाली आणि चादरीनेच सगळी खोली दाखवली.

घोळ होता तो एवढाच, आणि तो याच घरात होऊ शकत होता. म्हाताऱ्याची दुसरी रीत अशी की घरचं लेकरू सज्ञान झालं की त्याच दिवशी त्याची भागीदारीच्या कागदावर सही घ्यायची. सही केली की नवा एप्रन मिळायचा आणि दुसऱ्या दिवसापासून उशिरा आल्याबद्दल बोलणी. याहून जास्त कोणाला काही मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. नफा झाला तर मशीनच्या पोटात जायचा, नाही झाला तर सगळे मिळून डाळभातावर दिवस काढायचे. त्यामुळे मदतीच्या अर्जात 'व्यवसाय' विचारला तेव्हा मास्तरने सरळ मनाने 'नाही' लिहिलं. आपण कशाचे तरी मालक आहोत हे तिच्या डोक्यातही आलं नाही. घरातल्या कोणाच्याच आलं नसतं. ते आलं करखात्याच्या कागदांवरून सरकारी कचेरीतल्या माणसाच्या ध्यानात.

"माणूस बरा होता," मास्तर म्हणाली. "खोटेपणा केलास असं म्हणाला नाही. म्हणाला, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, म्हणजे उद्याच, कचेरी बंद व्हायच्या आत भागीदारीतून बाहेर पडल्याचा कागद आणून दे. नाहीतर तुझी मदत प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाईल."

"मग पड की बाहेर. त्यात काय?" धाकट्याची बायको म्हणाली, आणि मग तिचीच जीभ अडखळली, कारण त्यात काय होतं हे तिलाही माहीत होतं.

एका मोठ्या कंपनीला लाँड्री विकत हवी होती. जागा, मशीनं, हॉस्पिटलचं कंत्राट, सगळंच. गेल्या महिन्यातला तमाशा यावरूनच झाला होता. धाकटा आणि मधली विकायच्या बाजूने होते, थोरला आणि मास्तर विरुद्ध. दोनाला दोन. निम्म्याहून जास्त मतं पडल्याशिवाय विकता येत नाही आणि भागीदार कमी करायचा तर उरलेल्या सगळ्यांच्या सह्या लागतात, हे दोन्ही म्हाताऱ्याने लिहून ठेवलेलं. मास्तर बाहेर पडली की धाकट्याचा सुंठीवाचून खोकला जाणार होता.

म्हणूनच की काय, धाकटा आज फार गोड बोलत होता. तो आपणहून थोरल्याच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याने चादरीचे दोन कोपरे उचलले.

"दादा, पोरीच्या पायात आपण बेडी घालायची का?"

"पुतणीचा पुळका तुला आजच कसा आला?"

"पुळका नाही. खरं ते बोलतोय." धाकट्याने चादर झटकली. झटका जरा जोरात बसला. "मी वाईट दिसतो ते मला कळतंय. पण तू सांग, तो बॉयलर अजून किती चालेल? गेल्या वर्षी नळ्या बदलल्या. त्याचे पैसे कुठून आले?"

ते पैसे मास्तरच्या फीसाठी साठवलेले होते. बॉयलर बसला, हॉस्पिटलचे कपडे अडले, तेव्हा त्याने ते काढले. मास्तर म्हणाली होती, जागा पुढच्या वर्षावर ढकलता येते, बाबा, एकदा ढकलता येते. आता ते एकदा झालं होतं.

"कंपनीला आपण नाही दिलं तर ती शेजारी नवी लाँड्री टाकेल," कोपरे जुळवायला जवळ येऊन धाकटा हळूच म्हणाला. "मग आपल्याला फुकटसुद्धा कोणी घेणार नाही. मला पाठ वाकवता येत नाही, दादा. सकाळी बूट घालायला मुलाला हाक मारतो मी."

हे थोरल्याला ठाऊक नव्हतं. धाकट्याच्या हातातून चादरीची घडी घेताना त्याने पाहिलं, भाऊ खरंच एका बाजूला कलून उभा होता. पण कणव आली म्हणून भीती गेली नाही. लाँड्री गेली की आपण काय करायचं, हा प्रश्न त्याला गेल्या महिन्यापासून रात्री उशाशी बसून छळत होता. दुसऱ्या कुठल्या दारात जाऊन उभं राहायचं त्याचं वय नव्हतं. त्याला वाफेच्या आवाजावरून दाब कळायचा, कापडाला नुसता हात लावून पाणी किती राहिलंय ते कळायचं, आणि या दोन गोष्टी जगात दुसऱ्या कोणालाही नको होत्या.

"मी फी भरतो," तो एकदम म्हणाला. "कर्ज काढतो. तिला कुठून बाहेर पडायची गरज नाही."

"कशावर काढणार?" मधलीने विचारलं.

"काढीन कशावरही."

"भागीदारांच्या सह्यांशिवाय लाँड्रीवर निघत नाही. घर आधीच गहाण आहे. मी रफूवाली आहे, मला भोकं बरोबर दिसतात."

"मग बाहेर कुठेतरी घेतो."

"बाबा," मास्तर म्हणाली, "फी भरली तरी भागत नाही. सराव पाठाची शाळा देतील तिथे जावं लागतं. तिथे खोली घ्यायची, रोजचं येणं-जाणं, आणि नोकरी करता येत नाही. दिवसभर शाळा, संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या पाठांची टाचणं काढायची. विद्यावेतन नसेल तर महिनाभरसुद्धा निभणार नाही."

"रात्रपाळी करून तो इतिहासवाला निभावतो म्हणालीस."

"तो निभावत नाही. तो नापास होणार आहे. सगळ्यांना दिसतंय, त्याला सोडून."

थोरल्याची बायको मास्तरच्या हातातली घडी घेऊन गठ्ठ्यावर ठेवत होती. ती दुपारपासून एक शब्द बोलली नव्हती. त्यात कोणाला विशेष वाटलं नाही. सुनांना भागीदारी नव्हती, त्यामुळे भागीदारीच्या बोलण्यात त्या बोलत नसत. धाकटी सून बोलायची, पण ती बोलते म्हणूनच सगळे तिला जरा आगाऊ समजत.

थोरला चादर घेऊन मधलीसमोर गेला. तिने सुई अभ्र्यात टोचून ठेवली आणि नाइलाजाने उठली. तमाशानंतर दोघं चादर धरून समोरासमोर आले नव्हते.

"तू नुसतं एक वचन दे," तो म्हणाला. "पोरीचं वर्ष पुरं होईपर्यंत विकायचं नाव काढणार नाहीस. मी आत्ता सही करतो."

"नाही देणार."

"एवढं मागतोय मी."

"आज देईन आणि उद्या मोडेन. धाकटा रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसतो, तुला काय सांगू. मग तू पुन्हा माझ्याशी बोलायचा नाहीस. मागच्या वेळी किती वर्षं बोलला नव्हतास, आठवतंय?" तिने चादर ताणून धरली. "मला दोन खोल्या स्वतःच्या हव्या आहेत. भावाच्या डोक्यावरच्या नकोत. म्हणून मी विकायच्या बाजूने आहे आणि राहणार. पण पोरीला अडवून माझं काही होणार असेल तर तेही नको. तिच्या कागदावर मी सही करीन. तू कर, न कर, ते तुझ्यापाशी."

म्हणजे बहीण शत्रूही नव्हती आणि मित्रही नव्हती. थोरल्याला याचाच जास्त वैताग आला. सरळ वैर असतं तर कसं वागायचं ते त्याला माहीत होतं.

मग मास्तर त्याच्या समोर आली. बापलेकीची घडी घालायची सवय जुनी, त्यामुळे हात आपोआप चालत होते.

"बाबा, मी नको म्हणून कळवते त्यांना," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कुठे ना कुठे प्रयोगशाळेत नोकरी मिळेल. नाहीतर आहेच इथे."

थोरल्याला एक क्षणभर हलकं वाटलं. अगदी क्षणभरच, पण वाटलं, आणि लगेच त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. ज्या पोरीला त्याने खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तिचं गाडं अडल्यावर बापाला सुटल्यासारखं वाटावं?

"त्या दिवशी त्यांनी तुला वर्गावर पाठवलं होतं ना," तो म्हणाला. "निवडीच्या वेळी. ऐकलं का मुलांनी तुझं?"

"पहिल्यांदा नाही ऐकलं. मागच्या बाकावर चौघं जण एकमेकांचे बूट पळवत होते."

"मग?"

"मग मी माझ्याच बाहीवर शाई ओतली."

"कशाला?"

"गप्प बसले ना सगळे. मग म्हटलं, आता ही काढून कोण दाखवेल. पाण्याने का जात नाही, साबणाने का जात नाही, मग कशाने जाते. तास संपल्याची घंटा झाली तरी बूटवाले चौघं उठेनात." बोलता बोलता तिचा चेहरा उजळला होता. तो उजेड लक्षात आल्यावर तिने घाईने कोपरे जुळवले. "शर्ट गेला मात्र. शाई पूर्ण नाही निघाली."

"माझ्याकडे आणायचा होतास."

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलोच असतो," थोरला म्हणाला.

ढीग आता टेबलाच्या काठापर्यंत उतरला होता. खिडकीतलं ऊन सरकून मधलीच्या स्टुलावर आलं. वकिलाकडून टाइप करून आणलेला कागद मास्तरच्या पिशवीत होता आणि तो तिथे आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यात एकच जागा कोरी होती : हिस्सा कोणाकडे जाणार. वकिलाने विचारलं होतं, मास्तरला सांगता आलं नव्हतं.

ती कोरी जागा धाकटीने भरली. काउंटरवर बसून दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारी ही बाई चादर धरायला कधी कोणाच्या वाट्याला यायची नाही, पण आज ती थोरल्याच्या बायकोसमोर उभी होती आणि दोघींचं मघापासून बिनबोलता एका चालीत काम चाललं होतं.

"पोरीचा हिस्सा वहिनींच्या नावावर करा," ती म्हणाली.

धाकट्याने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती.

"म्हणजे मास्तर बाहेर पडते, तिची मदत राहते, आणि मतं चारच राहतात," धाकटी म्हणाली. "कोणाचंच काही जात नाही."

"सुनांना हिस्सा देत नाहीत," धाकटा म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण बाबांनी कधी दिला नाही."

"बाबांनी कपडे पिळायचं मशीन हाताने फिरवायचं आणलं होतं. ते तुम्ही भंगारात घातलंत तेव्हा नाही कोणाला बाबा आठवले."

मधली खुदकन हसली आणि मग तिने रफूकाम बाजूला ठेवलं. "बरोबर बोलतेय ही. वहिनी या घरात आली तेव्हापासून राबतेय. दे कागद इकडे, मी सही करते." आणि तिने सगळ्यांत आधी सही केलीही.

धाकटा कात्रीत सापडला होता. दुपारभर पोरीच्या शिक्षणाचा एवढा कळवळा दाखवून झाला होता की आता नाही कसं म्हणणार? शेवटी "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस" असं बायकोला ऐकू जाईल इतपत पुटपुटत त्याने कागद गठ्ठ्यावर ठेवून सही केली. मास्तरने कोऱ्या जागेत आईचं नाव लिहिलं, आपली सही केली आणि कागद बापापुढे धरला.

थोरल्याला तर विश्वासच बसत नव्हता. परवापासून टांगणीला लागलेला जीव असा एका वाक्यात सुटावा, तेही धाकटीच्या, जिला त्याने आजवर बडबडी म्हणून मोजलं नव्हतं! पोरीची मदत वाचली, लाँड्री वाचली. त्याने पेन घेतलं आणि हसत बायकोकडे वळला.

"चला, झालात तुम्ही पण मालकीणबाई."

"सही करायच्या आधी एक ऐका," बायको म्हणाली.

दुपारपासूनचे तिचे हे पहिलेच शब्द. तिने धाकटीच्या हातातून चादर काढून घेतली, टेबलावर ठेवली, आणि रिकामे हात एप्रनला पुसले.

"माझ्या नावावर मत आलं तर मी विकायला हो म्हणेन."

थोरल्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"आधी सही होऊ द्यायची आणि मग सांगायचं, असं धाकटी म्हणत होती," बायको म्हणाली. "तिला कालच बोलले होते मी. पण तसं मला नाही जमणार. तुम्हाला कळून मग काय करायचं ते करा."

धाकटीने खाली बघितलं. धाकट्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. भागीदार आपण होऊन त्याच्या पारड्यात पडत होता आणि त्याला खूशही होता येत नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस," थोरला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही."

"मत नव्हतं ना मला. मत नसलेल्या माणसाने काय बोलायचं?"

"मला सांगायचंस. घरात सांगायचंस."

"तुम्ही संध्याकाळी घरी येता आणि बॉयलरचं बोलता. मला वाटायचं, या माणसाला दुसरं काही आवडत नाही, ते कशाला काढून घ्यायचं. पोरीचं मार्गी लागेपर्यंत कळ काढू म्हटलं." तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगावं तसं ती सांगत होती. "आता तिचं मार्गी लागतंय."

"बाबा, नका करू सही," मास्तर म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खरंच नका. काहीतरी दुसरं बघू. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी जागा नाही तुला," थोरला म्हणाला. "मला माहीत आहे."

त्याला राग यायला हवा होता आणि तो येईना. त्याऐवजी भीती येत होती, परवापासून ओळखीची झालेली, पण आता तिचं तोंड बदललं होतं. लाँड्री जाणार ही एक भीती होती. ज्या बाईबरोबर आयुष्य काढलं तिच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, ही दुसरी, आणि तिच्यापुढे पहिली अगदीच लहान दिसायला लागली. भावाची पाठ दिसली नाही, पोरीची शाई दिसली नाही, आता हे. सारा जन्म कापडावरचे डाग बघण्यात गेला आणि घरातली माणसं बघायची राहून गेली.

"विकून काय करणार तू?" त्याने विचारलं. चिडून नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

एवढं मोठं सांगून टाकलं, पण पुढचा प्रश्न कोणी विचारेल असं तिला वाटलं नसावं.

"झोपणार," ती म्हणाली. "आधी एकदा उजाडेपर्यंत झोपायचंय. मग बघू."

धाकटी हसेल असं वाटलं होतं, पण तीही हसली नाही. थोरला आठवून बघायला लागला. बॉयलर पेटवायला तो अंधार असतानाच उठतो, पण त्याला उठवते ती. तो झोपतो तेव्हा ती कपड्यांच्या नोंदी करत बसलेली असते. दिवसाच्या कुठल्याही वेळी, आजारपणातसुद्धा, बायकोला झोपलेली पाहिल्याचं त्याला आठवेना. खूप आठवलं. नाहीच आठवलं.

त्याने कागद टेबलावर नीट सरळ केला आणि सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, शेवटची रेघ खाली घसरली. पण झाली. कोणी सांगायच्या आत मधलीने कागद उचलून फुंकर मारली आणि मास्तरच्या पिशवीत नेऊन ठेवला.

"दादा," धाकटा म्हणाला आणि पुढची चादर उचलायला गेला.

"तू बस जरा. पाठ टेक," थोरला म्हणाला. "बाकीचं मी उरकतो."

मास्तर रडत होती आणि रडता रडता चादरीचा कोपरा शोधत होती. थोरल्याने तिच्या हातातली चादर काढून घेतली.

"उद्या तुला पहिली गाडी गाठायची आहे ना? कचेरी उघडायच्या आत दारात उभी राहा. मी उठवीन तुला." मग बायकोकडे न बघता त्याने वाक्य पुरं केलं. "तू उठू नकोस उद्या."

"तुम्हाला कोण उठवणार?" बायकोने विचारलं.

याचा विचार त्याने केला नव्हता. त्याने खिशातून फोन काढला, वर-खाली करून पाहिला, आणि मुलीपुढे धरला.

"गजर तेवढा लावून दे यात."

मास्तरने डोळे पुसले. फोन हातात घेतला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत त्याच्याच तळहातावर ठेवला. ती त्याच्याशेजारी टेबलाला टेकून उभी राहिली.

"मी नाही लावून देणार," ती म्हणाली. "तुम्ही लावा. मी सांगते."